स्टोव्ह सगळ्यात शेवटी निवडा

प्रश्न : आम्ही नुकतेच एका जुन्या घरात राहायला आलो. दिवाणखान्यात दगडी बांधणीची उघडी फायरप्लेस आहे. दिसते सुंदर, पण लाकडं भसाभस जळतात आणि ऊब मिळते ती समोर बसलेल्यालाच, तीही गुडघ्यांपुरती. रात्री आग विझली की दिवाणखाना आधीपेक्षाही गार वाटतो. म्हणून त्याच कोनाड्यात काचेच्या दाराचा, लाकडावर चालणारा छोटा स्टोव्ह बसवायचं ठरवलंय. कोनाड्याचं तोंड ८० सेंमी रुंद आणि ६५ सेंमी उंच आहे. आत ४० सेंमी जागा आहे, पण बाजूच्या भिंती तिरक्या आहेत, त्यामुळे मागची भिंत फक्त ५५ सेंमी भरते. पुढे ३० सेंमीचा दगडी ओटा आहे. दिवाणखाना ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद, छत २.७ मीटरवर. दुकानदार म्हणतो, ८ किलोवॉटचा घ्या, नको तेव्हा हवा कमी करून मंद ठेवा. ह्यांचं म्हणणं, स्टोव्ह आत सरकवायचा, नळी धुराड्यात सोडायची, झालं काम. दिरांकडे बिडाचा जुना, चांगला मोठा स्टोव्ह पडून आहे, तो फुकट मिळतोय. कोनाड्यावर जुनी लाकडी तुळई आहे, ती मला काढायची नाही. आणि सासूबाईंना दमा आहे, त्यामुळे धुराची मला फार धास्ती वाटते. कुठलं मॉडेल घेऊ?

उत्तर : तुम्ही मापं दिलीत, त्यामुळे नेमकं बोलता येईल. मॉडेलचं नाव मात्र या उत्तरात मिळणार नाही. धुराडं आतून पाहिल्याशिवाय ते कुणालाच सांगता येत नाही, आणि धुराड्याची चौकशीही न करता जो ८ किलोवॉट सांगून मोकळा होतो, त्याच्याकडून स्टोव्ह घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

लोक आधी स्टोव्ह पसंत करतात, मग तो कोनाड्यात बसतो का ते बघतात, आणि धुराड्याचा विचार बसवणारा माणूस दारात आल्यावर सुरू होतो. हा क्रम पूर्ण उलटा हवा. आधी धुराडं, मग दिवाणखान्याला किती ऊब लागते, मग कोनाड्याची मापं, आणि या तिन्हींत बसेल तो स्टोव्ह. आग पेटती ठेवणारी हवा धुराड्याच्या ओढीनेच आत येते. ओढ नीट नसेल तर कितीही महागाचा स्टोव्ह धुमसत राहतो.

तुमच्या तक्रारीचं मूळही तिथेच आहे. उघड्या फायरप्लेसमध्ये लाकडातली जेमतेम १० ते २० टक्के उष्णता माणसांच्या वाट्याला येते, बाकीची वर निघून जाते. शिवाय त्या मोठ्या तोंडातून घरातली तापलेली हवाही सतत वर खेचली जाते आणि तिच्या जागी दारं-खिडक्यांच्या फटींतून बाहेरची गार हवा शिरते. आग विझली तरी धुराड्याचं तोंड उघडंच असतं, म्हणून रात्रभर ही गळती चालू राहते. बंद स्टोव्ह जळणाला लागेल तेवढीच हवा घेतो. आजचे चांगले स्टोव्ह ७५ टक्क्यांच्या आसपास उष्णता घरात देतात. तेव्हा स्टोव्ह बसवायचा तुमचा निर्णय योग्यच आहे.

धुराडं

पहिलं काम म्हणजे धुराडं साफ करणाऱ्या जाणत्या माणसाला बोलवा. काजळी काढून झाली की कॅमेरा आत सोडून तपासणी करायला सांगा आणि धुराची चाचणी घ्या. या चाचणीत खाली धुराची गोळी पेटवून वरचं तोंड झाकतात आणि धूर भिंतीतून, वरच्या मजल्यावर किंवा माळ्यावर कुठे झिरपतो का ते बघतात. जुन्या धुराड्यांत सांध्यांतला चुना गळालेला असतो, पक्ष्यांची घरटी असतात, कधी मध्येच वीट निसटून आडवी पडलेली असते. वरच्या मजल्यावरची दुसरी फायरप्लेस याच नळात उघडत नाही ना, हेही याच वेळी पाहून घ्या. एका नळात एकच आग हा नियम आहे आणि त्यात सवलत नाही.

आणखी एक गोष्ट तुम्ही स्वतः आजच बघू शकता. टॉर्च घेऊन कोनाड्यात वाका आणि आतल्या भिंतींवर टकटक करा. दगड-विटा असतील तर पुढचं सगळं लागू आहे. आत पत्र्याची पेटी निघाली आणि वर पत्र्याचाच गोल नळ दिसला, तर ती कारखान्यात तयार होऊन आलेली फायरप्लेस आहे, दगड नुसता दर्शनी. अशा पेटीत वाटेल तो स्टोव्ह ठेवता येत नाही. भोवतीच्या लाकडी सांगाड्याला आग लागण्याचा धोका असतो. त्या पेटीसाठी चाचणी होऊन मान्य झालेलाच इन्सर्ट, म्हणजे कोनाड्यात बसवायचा पेटीसारखा स्टोव्ह, चालतो. तसं निघालं तर इथेच थांबा आणि मला पुन्हा लिहा.

धुराडं दगडी आहे असं धरून तुमच्या मिस्टरांच्या सूचनेकडे वळते. नळी नुसती धुराड्यात सोडायची, हे पूर्वी पुष्कळ घरांत केलं जायचं, म्हणून ते त्यांना साधं वाटतं. त्यात काय बिघडतं ते आकड्यांत बघा. उघड्या आगीसाठी बांधलेलं धुराडं ३० बाय ३० सेंमीचं असेल तर त्याचं क्षेत्रफळ ९०० चौरस सेंमी होतं. छोट्या स्टोव्हची नळी १५० मिमी व्यासाची, म्हणजे सुमारे १७७ चौरस सेंमी. नळीतून निघालेला धूर अचानक पाचपट मोठ्या आणि थंडगार जागेत पोचतो, त्याचा वेग पाचव्या हिश्शावर येतो आणि तो निवतो. आधीच स्टोव्ह उष्णता राखून ठेवतो, त्यामुळे वर जाणारा धूर उघड्या आगीच्या धुराइतका गरम नसतोच. निवलेल्या धुरातली वाफ आणि डांबरासारखे न जळलेले घटक धुराड्याच्या भिंतींवर बसतात. हे क्रिओसोट. चमकदार, काळं, टणक. ब्रशने ते निघत नाही, आणि एखाद्या दिवशी जोराची आग झाली की तेच पेट घेतं. धुराड्यातली आग घोंघावत वर जाते, आतला नळ तडकवते आणि तिथून छताच्या लाकडांपर्यंत पोचू शकते.

म्हणून धुराड्यात वरपासून खालपर्यंत स्टेनलेस स्टीलचा लवचिक लायनर, म्हणजे धूर वाहून नेणारा आतला नळ, घालून घ्या. स्टोव्हच्या तोंडापासून धुराड्याच्या टोकापर्यंत एकाच मापाचा, सलग. स्टोव्हच्या तोंडापेक्षा लायनर कधीही लहान असू नये. बहुतेक छोट्या स्टोव्हांना १५० मिमीचा लागतो, काहींना १२५ मिमीचा चालतो, पण तशी परवानगी त्यांच्या पुस्तिकेत लिहिलेली असावी लागते. धुराडं घराच्या बाहेरच्या भिंतीवर असेल तर लायनरभोवती उष्णतारोधक आवरण घालाच, कारण तीन बाजूंनी गार हवा लागणारं धुराडं लवकर तापत नाही. खाली, कोनाडा आक्रसून धुराड्याला मिळतो तिथे, लायनरभोवतीची जागा आडव्या पत्र्याने बंद करायची. हा पत्रा राहून गेला तर स्टोव्हची ऊब कोनाड्यातून थेट वर जाईल आणि तुमची मूळ तक्रार तशीच राहील. लायनरवर खर्च केला आणि पत्र्याचा कंटाळा केला, असं काम बऱ्याच घरांत दिसतं. बसवणाऱ्याकडून हा पत्रा अंदाजपत्रकात लिहून घ्या.

उंचीही महत्त्वाची. स्टोव्हच्या माथ्यापासून धुराड्याच्या टोकापर्यंत साधारण ४.५ मीटर सरळ उंची मिळाली तर ओढ चांगली लागते. टोक छपरातून जिथे बाहेर येतं तिथून निदान ९० सेंमी वर असावं, आणि ३ मीटरच्या आत छपराचा जो भाग असेल त्याच्यापेक्षा ६० सेंमी तरी उंच. नाहीतर वारा फिरला की धूर उलटा घरात येतो. वर पावसापासून आणि पक्ष्यांपासून बचाव करणारी टोपी हवी.

किती किलोवॉट?

तुमचा दिवाणखाना ५ गुणिले ४ गुणिले २.७, म्हणजे ५४ घनमीटर. बसवणारी मंडळी एक ठोकताळा वापरतात. भिंती-खिडक्या बऱ्यापैकी असतील तर घनमीटरला १४ ने भागायचं. घर जुनं, फटींचं असेल तर १० ने, आणि अगदी उत्तम बंदिस्त असेल तर २० किंवा त्याहून जास्त आकड्याने. तुमचं उत्तर येतं ३.९ ते ५.४ किलोवॉट. म्हणजे ४ ते ५ किलोवॉटचा स्टोव्ह पुरेसा आहे. दिवाणखान्याला दार नसून तो थेट जिन्याला किंवा स्वयंपाकघराला उघडत असेल तर ५ घ्या. त्यापुढे जाऊ नका.

८ किलोवॉटचा घेऊन मंद ठेवा, हा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो. मोठं घेतलेलं वाया जात नाही, अशी आपली समजूत असते. लाकडाच्या बाबतीत ती चुकीची आहे. लाकडातली निम्म्याहून जास्त उष्णता त्यातून निघणाऱ्या वायूंत असते, आणि ते वायू पूर्ण जळायला पेटीत ६०० अंश सेल्सियसच्या आसपास तापमान लागतं. ८ किलोवॉटचा स्टोव्ह तुमच्या दिवाणखान्यात पूर्ण ताकदीने जळू लागला की थोड्याच वेळात तुम्ही खिडक्या उघडाल किंवा हवेची झडप बंद कराल. झडप बंद केली की ज्वाळा जाते, लाकूड धुमसतं, वायू न जळताच वर जातात. काच काळी होते, लायनरमध्ये क्रिओसोट बसतं, शेजाऱ्यांच्या अंगणात धूर उतरतो, आणि लाकडाचे पैसे जातात ते वेगळेच. ५ किलोवॉटचा स्टोव्ह मात्र संध्याकाळभर ज्वाळेवर ठेवता येतो. छोटी पेटी लवकर तापते आणि तापलेली राहते. कडाक्याच्या थंडीच्या मोजक्या दिवसांत तो अपुरा वाटला तर त्या दिवसांपुरता दुसरा हीटर लावा. त्या दिवसांसाठी बाकी सगळा मोसम धुमसता स्टोव्ह सोसू नका.

कोनाड्यात कसा बसेल

तुमच्या कोनाड्याच्या तिरक्या भिंती योगायोगाने तशा नाहीत. १७९६ मध्ये काउंट रम्फर्डने फायरप्लेसवरचा निबंध प्रसिद्ध केला. कोनाडा उथळ आणि बाजू तिरक्या ठेवल्या तर उष्णता माणसांकडे परावर्तित होते, हे त्यात मांडलं होतं. उघड्या आगीला ही रचना उत्तम. चौकोनी स्टोव्ह ठेवायला मात्र अडचणीची.

तुमच्याच मापांत बघू. समजा स्टोव्ह ४५ सेंमी रुंद आणि ३५ सेंमी खोल आहे. तोंड ८० सेंमीचं, म्हणून दोन्ही बाजूंना भरपूर जागा आहे असं वाटतं. पण तो मागच्या भिंतीपर्यंत सरकवला तर मागे दोन्ही बाजूंना जेमतेम पाच-पाच सेंमी उरतात आणि मागे काहीच नाही. स्टोव्हभोवती हवा फिरली तरच ऊब बाहेर येते. ती अडली की तुम्ही फक्त दगड तापवत बसता. दगडी कोनाड्यात बाजूंना आणि मागे सुमारे १० ते १५ सेंमी, वर २० ते ३० सेंमी मोकळं असावं. नेमका आकडा त्या त्या स्टोव्हच्या पुस्तिकेत असतो आणि शेवटचा शब्द त्याचाच.

आता स्टोव्ह पुढे घेऊ, मागची बाजू तोंडापासून २० सेंमी आत राहील असा. तिथे कोनाडा सुमारे ६७ सेंमी रुंद आहे, म्हणजे बाजूंना ११-११ सेंमी मिळतात, पुढे आणखी जास्त. मागे २० सेंमी. छान. स्टोव्हचे पुढचे १५ सेंमी दिवाणखान्यात डोकावतील, ते उबेच्या दृष्टीने फायद्याचंच. पण धुराची नळी माथ्यातून निघत असेल आणि तिचा मध्य स्टोव्हच्या मागच्या कडेपासून १२ सेंमीवर असेल, तर तो कोनाड्याच्या तोंडापासून फक्त ८ सेंमी आत येतो. नळी १५० मिमीची, म्हणजे तिची पुढची कड तोंडापासून अर्धा सेंमी आत. तिथे वर लिंटेलचा, म्हणजे कोनाड्याच्या तोंडावरचा आडवा, दगड आहे! नळी सरळ वर जाऊच शकत नाही. आणि लिंटेलला छिन्नी लावायची नाही, वरची सगळी भिंत त्याच्यावर तोललेली आहे.

यातून दोन वाटा निघतात. पहिली, नळी मागून निघणारा स्टोव्ह. पुष्कळ छोट्या मॉडेलांत माथ्याचं आणि मागचं अशी दोन्ही तोंडं असतात, एक झाकून दुसरं वापरायचं. मागच्या आडव्या नळीला ‘टी’ (इंग्रजी T च्या आकाराचा जोड) जोडून तिथून वर लायनरला मिळवायचं. आडवा तुकडा १५ सेंमीपेक्षा लांब असू नये, आणि ‘टी’ला काजळी काढायचं झाकण हवंच. तुमच्याकडे मागे २० सेंमी आहेत, ‘टी’ त्यात बसते का हे बसवणाऱ्याने जागेवर मोजून सांगावं.

दुसरी वाट मला जास्त आवडते. आतल्या तिरक्या भिंती बऱ्याचदा मूळ बांधकामाचा भाग नसतात. नंतर कुणीतरी भट्टीच्या विटा लावून मागे भराव टाकलेला असतो. तो काढला की मूळ चौकोनी कोनाडा मोकळा होतो, आणि तो बराच रुंद आणि आत खोल निघू शकतो. धुराड्याची तपासणी करणाऱ्यालाच विचारा आणि काढायचं काम जाणत्या गवंड्याकडूनच करून घ्या. कोनाडा आत ५५-६० सेंमी मिळाला तर वरून नळी निघणारा स्टोव्हही सहज बसेल.

मापं घेताना एकदाच घेऊन थांबू नका. रुंदी पुढे, मध्ये, मागे; उंची लिंटेलखाली आणि आत; सगळीकडे जे सर्वांत कमी भरेल तेच खरं माप. मग पुठ्ठ्याचा खोका त्या स्टोव्हच्या मापाचा कापून कोनाड्यात ठेवा. दार कोणत्या बाजूला उघडतं ते त्यावर काढा. हे सांगितलं की लोकांना पोरखेळ वाटतो, पण दार उघडल्यावर बाजूच्या दगडावर आपटतं किंवा लाकूड घालायला डावा हात लागतो, हे खोका ठेवल्यावरच कळतं.

इन्सर्ट नावाचा प्रकारही दुकानात दाखवतील. त्यात पेटी कोनाड्यात बसवून भोवती चौकट लावतात. कोनाडा अगदी उथळ असेल तर तो सोयीचा. पण पंख्याशिवाय तो पायांवरच्या स्टोव्हइतकी ऊब देत नाही, आणि वीज गेली की पंखाही थांबतो. तुमच्या जागेत पायांवरचा स्टोव्ह बसतोय, तर तोच घ्या.

ओटा आणि तुळई

स्टोव्ह १५ सेंमी पुढे आला की ३० सेंमीच्या ओट्यापैकी दारासमोर फक्त १५ उरतात. निखारा उडाला तर थेट जमिनीवर. दारासमोर निदान ३० सेंमी न जळणारी जमीन हवी, काही ठिकाणच्या नियमांत ४० ते ४५ सेंमी, बाजूंना १५. तेव्हा ओटा पुढे वाढवावा लागेल. तुळईचं जीवावर येणं मी समजू शकते, ती काढायची गरजही नाही. पण स्टोव्हचा माथा आणि नळी यांच्यापासून ती किती लांब हवी, हे पुस्तिकेत ‘ज्वलनशील वस्तूंपासून अंतर’ या शीर्षकाखाली दिलेलं असतं. मॉडेल पसंत करताना दुकानदाराला पहिला प्रश्न तोच विचारा, कारण हे अंतर मॉडेलागणिक बदलतं. एकपदरी नळी तर लाकडापासून व्यासाच्या निदान तिप्पट लांब असावी, म्हणजे १५० मिमीच्या नळीला ४५ सेंमी. अंतर कमी पडलं तर तुळईखाली मागे हवा खेळती राहील असा पत्रा लावतात. तुळईवर नुसती उष्णतारोधक रंगाची पुटं चढवू नका. वर्षानुवर्षं तापत राहिलेलं लाकूड आतून कोरडं होतं आणि कमी तापमानालाही पेट घेतं.

स्टोव्हमध्ये काय पाहायचं

बीड की पोलाद, यावर दुकानात खूप वेळ जातो. फार विचार करू नका. पोलाद लवकर तापतं, बीड ऊब जरा जास्त वेळ धरून ठेवतं. संध्याकाळी दोन-तीन तास पेटवणार असाल तर पोलादी बरा. त्यापेक्षा काचेवर वरून हवेचा झोत सोडणारी सोय आहे का, दाराच्या कडेची फट बंद करणारी दोरी घट्ट बसते का, आतल्या विटा आणि वरची आडवी पाटी सुटी मिळते का, हे बघा. या झिजणाऱ्या वस्तू आहेत. फक्त लाकूडच जाळणार असाल तर जाळी नसलेला, सपाट तळाचा स्टोव्ह चांगला, लाकूड राखेच्या थरावरच छान जळतं. आणि पेटीत किती लांबीचा तुकडा मावतो ते विचारून ठेवा. छोट्या स्टोव्हात २५ ते ३० सेंमी असतो.

दिरांचा स्टोव्ह घेऊ नका. मोठा आहे, एवढं एकच कारणही पुरेसं होतं. त्याशिवाय बिडाला केसाएवढी चीर गेली तरी धूर बाहेर येतो, आणि जुन्या स्टोव्हची पुस्तिका नसते, त्यामुळे तुळईपासूनचं अंतर कुणालाच सांगता येत नाही. युरोपात १ जानेवारी २०२२ पासून नव्या स्टोव्हांच्या धुरावर ‘इकोडिझाइन’ या नियमांची मर्यादा आहे, अमेरिकेत २०२० पासून अशीच कडक मर्यादा लागू आहे. नव्या स्टोव्हवर अशा चाचणीची पाटी असते, ती बघून घ्या. तुमच्या घरात दम्याचं माणूस आहे, म्हणून मी यात अजिबात तडजोड करणार नाही. बसवण्यापूर्वी स्थानिक बांधकाम नियम आणि घराच्या विम्याची अटही विचारून ठेवा.

सासूबाई

नीट बसवलेला स्टोव्ह उघड्या आगीपेक्षा घरात खूपच कमी धूर सोडतो. पण अजिबात नाही, असं सांगून मी तुमची फसवणूक करणार नाही. दार उघडताना थोडा येतोच, राख काढताना बारीक धूळ उडते. म्हणून आधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला. त्यांनी नको म्हटलं तर स्टोव्हचा विचार सोडून द्या, किंवा निदान त्यांच्या झोपायच्या खोलीची ऊब या स्टोव्हवर अवलंबून ठेवू नका. पेटवायचा ठरलाच तर लाकूड घालायची एक सवय सगळ्यांनी लावून घ्या. ज्वाळा बसून निखारे लाल झाल्यावरच दार उघडायचं, आधी हवेची झडप पूर्ण सोडायची, मग दार बोटभर उघडून क्षणभर थांबायचं, आणि मगच पूर्ण. एकदम उघडलेलं दार धुराचा लोट घेऊन येतं.

स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखाही लक्षात ठेवा. तो जोरात चालू असेल तर स्टोव्हच्या धुराड्यातून हवा उलटी खेचू शकतो. बसवणाऱ्याला सांगा की घराची दारं-खिडक्या लावून, पंखा पूर्ण वेगाने चालू ठेवून धुराची चाचणी घ्या. धूर उलटा आला तर बाहेरून स्वतंत्र हवा आणणारा मार्ग लागेल, आणि काही स्टोव्हांना ती नळी थेट जोडता येते. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तर त्याच खोलीत हवा, स्टोव्हपासून १ ते ३ मीटरवर. या वायूला रंग नाही, वास नाही. जुन्या अलार्मचा काळ संपलेला नाही ना, तेही बघा. बसवल्यावर दर वर्षी निदान एकदा लायनर साफ करून घ्यायचा.

लाकूड

हे काम मात्र स्टोव्हची वाट न पाहता आजच सुरू करा. ओल्या लाकडात वजनाच्या निम्मं पाणी असू शकतं. असं एक किलो लाकूड घातलंत की आधी अर्धा लिटर पाणी उकळवावं लागतं, मग ऊब. चिरून, छपराखाली, वारा लागेल असं रचलेलं लाकूड वाळायला जातीनुसार एक ते दोन वर्षं घेतं. ओलावा २० टक्क्यांच्या खाली आला पाहिजे. त्यासाठी छोटं मीटर मिळतं. तुकड्याच्या टोकाला टोचू नका, टोक नेहमीच कोरडं भरतं. तो मधोमध चिरा आणि ताज्या आतल्या बाजूवर सुया टोचून आकडा वाचा.

वाळलेलं एक किलो लाकूड सुमारे ४ किलोवॉट-तास उष्णता देतं. ५ किलोवॉटच्या, ७५ टक्के क्षमतेच्या स्टोव्हला ताशी पावणेदोन किलोच्या आत पुरतं. रोज चार तास धरले तर सात किलोपेक्षा कमी. या हिशेबाने मोसमाचा साठा काढा आणि साठवायला तेवढी कोरडी जागा आहे का ते बघा. लाकूड सांगताना २५ सेंमीचे तुकडे सांगा. या आकाराचे ४-५ किलोवॉटच्या बहुतेक सगळ्या स्टोव्हांत मावतात, त्यामुळे धुराड्याची तपासणी होऊन मॉडेल ठरेपर्यंत ते वाळत पडलेले असतील.